पिल्लं ‘अशीच’ मरत नाहीत

मे महिन्यात नागपुरात कुलरच्या स्टँडखाली नाहीतर जिन्याखालच्या खोक्यात मांजर व्यालेली सापडते. मग मला फोन येतो, ‘डॉक्टर, दोन पिल्लं गेली, तिसरं मलूल आहे. बाळाचे तापाचे थेंब देऊ का?’ मी माणसांचा डॉक्टर आहे, पण याचं उत्तर पक्कं आहे. नाही, एक थेंबही नाही. पॅरासिटामॉल मांजरांसाठी विष आहे. माणसाचं यकृत ते ज्या पद्धतीने निष्प्रभ करतं, ती पद्धत मांजरात फारच कमकुवत असते.

माझा खरा राग त्या पुढच्या वाक्यावर आहे: ‘जाऊ द्या, मांजराची पिल्लं मरतातच.’ काही मरतात हे खरं. पण मरायच्या आधी बहुतेक पिल्लं एक खूण देतात, त्यांचं वजन वाढायचं थांबतं. आणि ते आपण कधी बघतच नाही.

जन्मताना पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं. रोज दहाएक ग्रॅम वाढतं आणि दोन आठवड्यांत दुप्पट होतं. तुमच्या स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, वर एक वाटी ठेवा, रोज त्याच वेळेला प्रत्येक पिल्लू तोला आणि कॅलेंडरवर लिहा. एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा. घटलं तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आपल्याच गावात आहे.

‘मांजर कोण तोलत बसणार?’ असं हसू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळं तोलायला, ताप मोजायला, श्वास मोजायला शिकवलं. 39 गावांतला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं आणि आज आशाताई त्याच धर्तीवर 42 दिवस घरोघरी जातात. तिथे मोठी यंत्रं नव्हती, काटा, थर्मामीटर आणि घड्याळ होतं. माणसाच्या बाळाला जे लागू पडलं, ते शंभर ग्रॅमच्या जिवाला का लागू पडू नये?

आता ऊब. बाहेर 45 अंश असताना पिल्लू गारठून मरतं हे कोणाला पटत नाही. पण पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडताही येत नाही, आणि आपण त्याला कुलरच्या ओल्या झोतासमोर ठेवतो! हाताला गार लागलं तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून आधी हळूहळू ऊब द्या, मगच दूध. गार पिल्लाचं आतडं दूध पचवत नाही. उलट, तापलेल्या पत्र्याखालीही ठेवू नका.

दूध कोणतं? गाईचं नाही. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट प्रथिनं असतात. गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते आणि ते सुकतं. पिल्लांसाठीची दूध पावडर दुकानात मिळते. पाजताना बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं. पालथंच ठेवा. बोळ्याने दूध पाजायचे दिवस गेले, म्हणीतही आणि घरातही. आणि आई नसेल तर दर वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. पहिले तीन आठवडे त्याशिवाय त्याला शू-शी होत नाही.

पण आई नाही हे आधी नक्की करा. ती काही तास बाहेर जाते, पिल्लांना ‘सात घरं’ फिरवते. तेवढ्यावरून पिल्लं उचलून ‘अनाथ’ ठरवणारे दयाळू लोक मला त्या ‘मरतातच’वाल्यांपेक्षा जास्त छळतात. लांबून बघा, वाट पाहा.

हे सगळं करताना मांजरीने चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी या. हळद-चुना लावून येऊ नका. हा मात्र माझ्या खात्यातला विषय आहे.