सहाय्यक साधने मापाने व हक्काने मिळण्याविषयी निवेदन

प्रति,
माननीय राज्य आयुक्त, दिव्यांगजन,
तेलंगणा राज्य, हैदराबाद

विषय : अपंग व्यक्तींना शासकीय अर्थसाहाय्य व दैनंदिन जीवनातील साधने मिळण्याच्या रीतीत फेरफार करण्याबाबत.

महोदय,

काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, गौळीगुडा या मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या, तसेच नांदेड, लातूर, उदगीर या बाजूंनी चरितार्थासाठी अलीकडे या शहरात येऊन स्थिरावलेल्या मराठीभाषक कुटुंबांतील अपंग व्यक्ती व त्यांचे पालक या नात्याने आम्ही हे निवेदन आपल्या सेवेसी सादर करीत आहो. संविधानाच्या अनुच्छेद 350 ने प्रत्येकास आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार दिलेला आहे, त्याचा आधार घेऊन मूळ मजकूर मराठीत लिहिला असला, तरी आपल्या दफ्तरास तरजुम्याची तसदी पडू नये म्हणून तेलुगू व इंग्रजी प्रती सोबत जोडल्या आहेत.

जे चांगले झाले आहे ते आधी नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. सन 2014 मध्ये आसरा योजना सुरू झाली तेव्हा दरमहा 1500 रुपये असलेले अपंगांचे निवृत्तिवेतन 2019 मध्ये 3016 आणि 2023 मध्ये 4016 रुपये झाले. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24 प्रमाणे अपंगांसाठीच्या योजनेतील साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेहून निदान एक चतुर्थांशाने अधिक असावे लागते. त्यावेळी वृद्धांना 2016 रुपये मिळत असता अपंगांना त्याच्या जवळजवळ दुप्पट देऊन या राज्याने कायद्याची किमान मर्यादा कितीतरी मागे टाकली, आणि सीमेपलीकडे मराठवाड्यात राहणाऱ्या आमच्याच आप्तांना त्यावेळी याहून बरीच कमी रक्कम मिळत होती, याचीही आम्हांस जाणीव आहे. यास्तव निवृत्तिवेतनाच्या आकड्याविषयी येथे आम्ही काही मागत नाही. आमचे गाऱ्हाणे साधनांविषयी आहे. कारण हाती रक्कम आली तरी ज्यास पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात जाता येत नाही, त्याचा दिवस तेथेच अडून राहतो.

साधने देण्याची केंद्र सरकारची ‘एडिप’ या नावाची योजना 1981 पासून चालू आहे. कानपूरचे ‘अलिम्को’ त्यासाठी तीनचाकी, चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, श्रवणयंत्रे पुरविते, आणि राज्याचे विकलांगांचे सहकारी महामंडळ मलकपेठेत आपल्या दारातच आहे. 2022 च्या सुधारित नियमांनी दरमहा 22,500 रुपयांपर्यंत प्राप्ती असणाऱ्यास साधन विनामूल्य व 30,000 पर्यंत असणाऱ्यास निम्म्या किमतीत मिळू लागले, हे योग्यच झाले. परंतु हे सारे बहुधा शिबिराच्या वाटेने येते. एका दिवशी तपासणी होते, यादी निघते, यादी कारखान्याकडे जाते, काही महिन्यांनी दुसरे शिबिर भरते, मंच उभारला जातो, पाहुण्यांची भाषणे होतात, छायाचित्रे निघतात, आणि सकाळपासून ताटकळलेल्या माणसास त्याची खुर्ची देऊन वाटेस लावले जाते. भाषणांचा आम्हांस राग नाही. या शहरात भाषणे ऐकण्याची सवय सर्वांसच आहे. परंतु त्या साऱ्या समारंभात खुर्ची बसणाऱ्याच्या अंगास लागते की नाही हे पाहण्यास कोणी नेमलेला नसतो, आणि दुसऱ्याच्या नंबराचा चष्मा फुकट मिळाला म्हणून दृष्टी येत नाही, तीच गत अशा खुर्चीची होते. आमच्यातील एका कुटुंबातील सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे माप एका शिबिरात घेतले गेले. खुर्ची हाती येईपर्यंत मुलगा वाढला होता, पाठीस आधार मिळेना, मान एका अंगास कलू लागली, म्हणून आजीने आपले जुने पातळ छातीभोवती बांधून त्यास काही दिवस बसविले. आता त्या खुर्चीवर वाळलेले कपडे ठेवले जातात, आणि दुसरी मागावी तर नियमाची मुदत आड येते : साधारणतः तीन वर्षांत, बारा वर्षांखालील बालकास एका वर्षात, पुन्हा साहाय्य नाही. साधन निरुपयोगी निघाले तर ही मुदत कोणत्या न्यायाने मोजावयाची?

याहून अधिक खोल अशी एक उणीव आहे, आणि ती घरात आहे. साधन म्हटले की अंमलदारांच्या डोळ्यांपुढे रस्त्यावर धावणारे वाहन उभे राहते. मोटारचलित तीनचाकी दिसण्यास शोभिवंत असते आणि तिची गरजही खरीच आहे. पण जुन्या हैदराबादेतील घरांत, जेथे उंबरठा वीतभर उंच, न्हाणीघराची पायरी खाली उतरणारी आणि त्याचे दार जेमतेम 24 इंच रुंद, तेथे सुमारे 26 इंच रुंदीची प्रौढांची नेहमीची खुर्ची दाराशीच थांबते. मग उरलेले अंतर पत्नीने, म्हाताऱ्या आईने वा शेजारच्या मुलाने उचलून न्यावयाचे. प्रौढ पुरुषास रोज असे उचलणाऱ्या बाईची कंबर किती वर्षे टिकेल, याचा हिशेब कोणत्याही योजनेत धरलेला आम्हांस आढळला नाही. शौचाची चाकांची खुर्ची, आंघोळीचे न घसरणारे स्टूल, भिंतीत बसविलेली आधारदांडी, उंबरठ्यावर टाकण्याचा सुटा उतार, पलंगावरून खुर्चीत सरकण्याची फळी, जाड मुठीचा चमचा, बेडसोर टाळणारी गादी, ही सर्व साधी साधने; पैकी काही तर सुतार व लोहार यांच्या हातची. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये अग्रक्रमाच्या 50 साहाय्यक साधनांची जी सूची केली, तीत शौच-स्नानाच्या खुर्च्या, आधारदांड्या, सुटे उतार व अशा गाद्या अंतर्भूत आहेत. आमच्यापैकी एकाच्याही घरी यांतील एकही वस्तू शासकीय वाटपातून आलेली नाही. कुष्ठरोगमुक्तांसाठी दैनंदिन वापराच्या वस्तूंचा संच केंद्रीय योजनेत मान्य झालेला आहे. तोच विवेक मज्जारज्जूस इजा झालेल्यांस, स्नायूंच्या क्षयाने खिळलेल्यांस व पक्षाघात झालेल्यांस लावण्यास हरकत कसली असावी?

दुरुस्तीविषयी थोडक्यात लिहितो. मोटारचलित वाहनाची बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होते, आणि नवे वाहन मागण्याची पाळी त्यानंतरही बराच काळ येत नाही. पुढचे लहान चाक तुटले तर सायकलच्या दुकानदाराजवळ ते असत नाही. असे लाकडी काठीच्या आधाराने चालविलेले वाहन आम्ही पाहिले आहे.

प्रमाणपत्राची कथा निराळी. संयुक्त आंध्रच्या काळापासून येथे ‘सदरेम’ पद्धतीने प्रमाणपत्रे दिली जात आली, आता केंद्राचे यूडीआयडी ओळखपत्र त्यांची जागा घेत आहे, आणि या स्थित्यंतरात दोन कागदांच्या मध्ये पडलेला माणूस पुन्हा पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे उभा राहतो. नांदेडहून आलेल्या आमच्या एका भगिनीस महाराष्ट्रात मिळालेले प्रमाणपत्र ‘येथे चालत नाही’ असे एका कार्यालयात तोंडी सांगण्यात आले. लेखी मागितले असता मिळाले नाही. उक्त अधिनियमाच्या कलम 58 मध्ये असे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. कापलेला पाय प्रांताची सीमा ओलांडल्याने परत उगवत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

सबब आमची मुख्य मागणी अशी की, साधन देण्यापूर्वी व्यक्तीचे आणि तिच्या घराचेही माप ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून घेतले जावे, साधन आल्यावर त्या थेरपिस्टसमक्ष बसवून पाहावे, आणि ते लागू पडल्याची लाभार्थ्याची सही झाल्यावरच पुढील मुदत मोजण्यास आरंभ व्हावा. ही माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत : सिकंदराबादेस मनोविकास नगरात 1984 पासून बौद्धिक अपंगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे, पंजागुट्ट्यास निम्स रुग्णालय आहे, आणि शामीरपेटच्या नालसार विधि विद्यापीठातील अपंगत्व-अध्ययन केंद्राचा सुगम्यतेविषयीचा अहवाल तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 च्या राजीव रतुरी प्रकरणातील निकालात विचारात घेतला. एवढे ज्ञान ज्या शहरात आहे तेथे खुर्ची अंदाजाने वाटली जावी, हे आम्हांस केवळ नजरचुकीचे फळ वाटते. ज्यांना बाजारातून आपल्या मापाचे साधन घेणे सोयीचे असेल त्यांना तितक्याच रकमेची मंजुरी थेट देण्यात यावी. घरातील साधनांची स्वतंत्र सूची राज्याने करावी व तीत वरील वस्तूंसोबत दरमहा लागणारे कॅथेटर आदी सामानही घ्यावे. शहराच्या प्रत्येक विभागात दुरुस्तीची एक खोली असावी. परराज्यातील वैध प्रमाणपत्र पुन्हा तपासणी न करता स्वीकारण्याविषयी परिपत्रक निघावे. आणि ज्यांस अहोरात्र दुसऱ्याचा हात लागतो त्यांच्यासाठी कलम 24 मध्ये सांगितलेला परिचारक-भत्ता अमलात यावा. 2011 च्या शिरगणतीत या राज्यातील अपंगांची संख्या सुमारे 10 लक्ष 46 हजार होती, आणि तेव्हा कायद्यातील अपंगत्वाचे प्रकार सात होते, आता ते 21 झाले आहेत. खर्चाचा अंदाज करताना हे ध्यानी घ्यावे.

आपण कलम 80 खाली शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने तिच्यावर कारवाई करून तीन महिन्यांत आपणांस कळविणे कलम 81 प्रमाणे बंधनकारक आहे. अशी शिफारस करण्यापूर्वी आमचे म्हणणे समक्ष ऐकून घ्यावे अशी प्रार्थना आहे. सुनावणी तळमजल्यावर, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह आणि शक्यतो दुपारी दोननंतर ठेवावी. आमच्यापैकी पुष्कळांस घराबाहेर पडण्याची तयारी होईपर्यंत मध्यान्ह होते.

आपले नम्र,
हैदराबाद शहरातील मराठीभाषक अपंग नागरिक व पालक
(सह्या व अंगठे सोबतच्या पत्रकावर)