दुसऱ्याच्या दाराची चावी

जेरुसलेमच्या जुन्या शहरात ‘होली सेपल्कर’ नावाचे चर्च आहे. येशू ख्रिस्तांना जिथे क्रूसावर चढवले आणि जिथे कबरीत ठेवले, त्याच जागेवर हे चर्च उभे आहे, अशी कोट्यवधी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे. या चर्चच्या मुख्य दाराची चावी मात्र शतकानुशतके मुस्लिमांकडे आहे. जूदेह घराणे चावी सांभाळते, नुसैबेह घराणे दार उघडते. पहाटे आतले पाद्री दारातल्या झरोक्यातून एक शिडी बाहेर देतात. त्या शिडीवर चढून मुस्लिम द्वारपाल वरचे कुलूप काढतो. रमजानमध्ये ही वेळ साधारण सहेरीच्या आसपासची असते.

यातली खरी गोष्ट पुढेच आहे. मुस्लिम हजरत ईसा यांना पैगंबर मानतात, पण त्यांचा मृत्यू क्रूसावर झाला असे मानत नाहीत. म्हणजे ज्या श्रद्धेवर ते चर्च उभे आहे, ती श्रद्धा चावी सांभाळणाऱ्याची नाही. तरीही दार वेळेवर उघडते.

सातव्या शतकात जेरुसलेम मुस्लिमांच्या ताब्यात आले, तेव्हाची एक हकिकत अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती धर्मगुरू युतिकियस यांनी दहाव्या शतकात नोंदवली आहे. खलिफा हजरत उमर चर्चमध्ये असताना नमाजची वेळ झाली. धर्मगुरूंनी त्यांना तिथेच नमाज पढण्यास सांगितले. उमर यांनी नकार दिला आणि बाहेर पायऱ्यांवर नमाज पढली. आपण आत नमाज पढलो, तर पुढे आपलेच लोक या जागेवर हक्क सांगतील, असे त्यांचे म्हणणे होते.

इतिहास सगळा असा गोड नाही. 1009 मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिम याने हेच चर्च पाडायला लावले. पुढे यात्रेकरूंकडून प्रवेशाचा करही घेतला जाई. चावी मुस्लिमांकडे राहण्यामागे व्यवहारही आहे. चर्चमध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन आणि इतर पंथांचे हक्क वाटलेले आहेत. ते इतके काटेकोर, की दर्शनी खिडकीखालची एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून जवळपास तिथेच उभी आहे. ती कोणी हलवायची, हे एकट्याने ठरवता येत नाही. अशा ठिकाणी चावी तिऱ्हाइताकडे असलेली बरी.

पण कारण व्यवहाराचे असले, तरी निभावण्याला इमान लागते. आपल्याकडे त्यासाठी शब्द आहे : अमानत. ठेव आपल्या हातात असते, पण आपली नसते. चावी असलेल्या घराण्याची चर्चमधल्या एका दिव्यावरही मालकी नाही. कुरआनच्या सूरह हजमध्ये (आयत 40) मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी यांचा एकाच ओळीत उल्लेख येतो, तोही त्यांच्या रक्षणाच्या संदर्भात. मशिदीचे नाव त्यात शेवटी आहे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. कितीतरी गावांत पीराची सेवा हिंदू घराण्याकडे आहे, मोहरमचे ताबूत हिंदू खांद्यांवर निघतात. तिथे कोणी कोणाची श्रद्धा तपासत नाही.

हल्ली सलोख्याच्या भाषणांत ‘सगळे धर्म एकच’ असे सर्रास म्हटले जाते. ते म्हणणे सोपे आहे, आणि पुरेसे खरेही नाही. धर्मांत फरक आहेत, ते राहणार. प्रश्न असा, की जे मला पटत नाही, पण शेजाऱ्याला प्राणाहून प्रिय आहे, ते माझ्या हाती सुरक्षित आहे का?

रोजात आपण स्वतःच्या मालकीचे पाणीही सूर्यास्तापर्यंत पीत नाही. हातात असूनही हात आवरायचा, हीच ती शिकवण. मग जे मुळात आपले नाही, त्याच्यापुढे हात आवरणे इतके अवघड का वाटावे? मशिदीत, मंदिरात, चर्चमध्ये, विहारात जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा. सुरुवात आम्ही रोजेदारांनी करावी.