परदेशातलं भांडण आणि आपल्या हातातला कागद

जुलै २०२५ मध्ये मराठी वृत्तवाहिन्यांवर अचानक ‘ब्लड मनी’, ‘किसास’, ‘दियत’ हे शब्द ऐकू येऊ लागले. केरळच्या पालक्काड जिल्ह्यातली एक नर्स येमेनच्या तुरुंगात होती आणि तिची फाशी १६ जुलैला ठरली होती. आदल्या दिवशी ती पुढे ढकलली गेली. कांथापुरम ए. पी. अबूबकर मुसलियार यांनी येमेनमधल्या उलेमांशी बोलणं केलं, भारत सरकारनेही आपल्या परीने प्रयत्न केले. मुसलियारसाहेबांचं कौतुक आपल्या ग्रुपांवर खूप फिरलं. ते रास्तच होतं. पण चार दिवस सगळी चर्चा शिक्षेवरच झाली. शरियतचा कायदा कठोर आहे की माफीचा रस्ता ठेवणारा, यावर लोक तावातावाने बोलले. भांडण सुरू कुठून झालं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

आम्हाला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. येमेनमध्ये परदेशी माणसाला दवाखाना काढायचा तर स्थानिक भागीदार लागतो. तिने तो घेतला. नंतर पैशांवरून बिनसलं. तिच्या बाजूचं म्हणणं असं की भागीदाराने पासपोर्ट दाबून ठेवला, छळ केला, आणि पासपोर्ट परत मिळवण्यासाठी तिने त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं. त्यात तो मेला. मृताच्या भावाने पासपोर्टची ही गोष्ट साफ नाकारली आणि आम्हाला पैसा नको, किसास हवा, असं जाहीरपणे सांगितलं. एक माणूस जिवानिशी गेला, प्रेताची विल्हेवाट लावण्याचा भयंकर प्रकार झाला; त्याचं समर्थन कुणी करू नये. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती परदेशी, तो तिथला. दवाखाना चालवायचा तर त्याचं नाव हवं, त्याची ओळख हवी. तिच्या हातात काय होतं?

दुसरं प्रकरण सौदीचं. कोळीकोडचा एक तरुण २००६ मध्ये रियाधला घरगुती ड्रायव्हर म्हणून गेला. मालकाच्या अपंग मुलाची देखभालही त्याच्याकडेच आली. मुलगा नळीच्या आधाराने जगत होता. गाडीत झालेल्या झटापटीत ती नळी निसटली आणि मुलगा गेला. ड्रायव्हरला मृत्युदंड झाला. पुढे मृताच्या घरच्यांनी दीड कोटी रियालवर माफी द्यायचं कबूल केलं, म्हणजे साधारण ३४ कोटी रुपये. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या लोकांनी, हिंदू-मुस्लिम-ख्रिश्चन सगळ्यांनी मिळून, ही रक्कम जमवली आणि जुलैमध्ये मृत्युदंड रद्द झाला. तोपर्यंत त्याची जवळजवळ अठरा वर्षं तुरुंगात गेली होती. ड्रायव्हरच्या व्हिसावर गेलेल्या पोराकडे आजारी मुलाची सेवा कुठल्या करारानुसार आली, हा साधा प्रश्न आहे. त्या वेळी तो कुणी कुणाला विचारायचा?

अशी प्रकरणं हजारात एखादं. रोजची भांडणं याहून कितीतरी लहान असतात: तीन महिन्यांचा पगार थकला, ओव्हरटाइम दिला नाही, सुट्टी मागितली तर पासपोर्ट दिला नाही, गाडी ठोकली आणि समोरचा तिथला निघाला. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, प्रत्येक घरात असा एक किस्सा निघेल. आणि प्रत्येक किश्शात समोरच्या माणसाच्या हातात आपल्या माणसाचा परवाना असतो. कफालत म्हणतात ती हीच. व्हिसा कफीलच्या नावाने, इकामा त्याच्या मर्जीने. इथे आपलं शेठशी भांडण झालं तर फार तर नोकरी जाते. तिथे नोकरी गेली की राहण्याचा हकही जातो. कफीलने ‘हुरूब’ टाकली, म्हणजे हा कामावरून पळाला अशी नोंद केली, की पगार मागणारा माणूस एका दिवसात गुन्हेगार ठरतो.

त्यात आपल्या लोकांनी आवडीने गळ्यात बांधून घेतलेली धोंड म्हणजे ‘आझाद व्हिसा’. सरकारी कागदात असा कुठला व्हिसाच नाही. एका कफीलकडून व्हिसा विकत घ्यायचा, दरवर्षी त्याला पैसे भरायचे आणि काम दुसरीकडे करायचं, याला आपण आझादी म्हणतो. कुवेतमध्ये घरगुती कामाच्या २० नंबरच्या व्हिसावर जाऊन दुकानात किंवा गॅरेजमध्ये काम करणारे याच जातीचे. जिथे काम केलं तिथला मालक कागदावर मालकच नाही. त्याने पगार बुडवला तर मक्तब-अमलमध्ये तक्रार कुणाविरुद्ध करणार? तक्रार केलीच तर आधी स्वतःचाच कायदेभंग कबूल करावा लागतो. एजंट हे सांगत नाही. सांगेलच कशाला?

कायदे बदलले आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. कतारने २०२० मध्ये देश सोडण्यासाठीची मालकाची परवानगी घरकामगारांसाठीही काढून टाकली, नोकरी बदलायला लागणारी एनओसी रद्द केली, आणि मार्च २०२१ पासून सर्वांसाठी किमान वेतन १००० रियाल ठेवलं. सौदीने १४ मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगाराला एक वर्षानंतर मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाण्याची मुभा दिली. पण त्यातून घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ बाहेर ठेवले. नेमके तेच, जे मालकाच्या चार भिंतींच्या आत राहतात आणि ज्यांना बघणारं कुणी नसतं.

आता दुसरी बाजूही पाहू. सौदीच्या २०२२ च्या जनगणनेत ३ कोटी २२ लाख लोकसंख्येपैकी ४१.६ टक्के लोक परदेशी निघाले. कुवेत, कतार आणि अमिरातीत तर तिथले लोक स्वतःच्याच देशात अल्पसंख्य आहेत. आपल्याच बाजारात आपली भाषा ऐकू येत नाही म्हणून तिथल्या माणसाला भीती वाटली तर ती समजण्यासारखी आहे. महाराष्ट्रात राहून आपल्याला ती समजत नसेल तर कुणाला समजणार? ‘भूमिपुत्र’ हा शब्द ऐकतच आपण मोठे झालो. पण या भीतीचं राजकारण झालं की ते कुठवर जातं, हे कुवेतने दाखवलं. सफा अल-हाशेम या खासदारबाईंनी परदेशी लोकांवर रस्ता वापरण्याचासुद्धा कर लावा असं म्हटलं होतं. २०२० मध्ये तिथल्या पंतप्रधानांनीच परदेशी लोकांचं प्रमाण ७० टक्क्यांवरून ३० वर आणायची भाषा केली. भारतीय १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असा मसुदा पुढे आला, तेव्हा सुमारे आठ लाख भारतीयांना परतावं लागेल अशा बातम्या आल्या आणि कोकणातली कितीतरी घरं धास्तावली. त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीत त्या बाई पडल्या. विचार मात्र पडला नाही.

जाता जाता एक गोष्ट, थोडी झोंबणारी. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी माणूस असतो. बागेचा मालक कधीकधी स्वतः वीस वर्षं कुवेतला राहून आलेला असतो. त्या नेपाळ्याच्या पगाराचा कागद त्याच्याकडे असतो का?

एप्रिल २०२० चा प्रसंग वाचकांना आठवत असेल. कोरोनाचं खापर तबलिगी जमातच्या निमित्ताने मुसलमानांवर फोडलं जात होतं. तेव्हा अमिरातीत नोकरी करणाऱ्या काही भारतीयांनी तिथे बसूनच इस्लामविरोधी पोस्ट टाकल्या. शारजाच्या राजघराण्यातल्या हेंद अल-कासिमी यांनी त्या जगासमोर आणल्या. काहींच्या नोकऱ्या गेल्या. भारताचे राजदूत पवन कपूर यांना आपल्या लोकांना समज द्यावी लागली की भेदभाव हा इथल्या कायद्याच्या विरोधात आहे. आपल्याकडे त्यावर बराच आनंद झाला. अपमान झालेल्या माणसाला कुठेतरी दाद मिळाली की बरं वाटतं, तेव्हा तो आनंद कळतो. पण त्या माणसांच्या नोकऱ्या ज्या सहजतेने गेल्या, त्याच सहजतेने आपल्या पोरांच्याही जाऊ शकतात. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात ऑनलाइन शिवीगाळीला कैद आणि अडीच लाख ते पाच लाख दिरहम दंड अशी तरतूद आहे. व्हॉट्सअॅपवर रागाच्या भरात पाठवलेला व्हॉइस मेसेजही त्यात येतो. भांडणाचा पुरावा म्हणून समोरच्याचं शूटिंग करणं हाही परवानगीशिवाय गुन्हा ठरू शकतो. शिवी देणारा कुठल्या धर्माचा, हे कायदा विचारत नाही.

‘ते मुसलमान, आपण मुसलमान, संभाळून घेतील’ हे वाक्य आम्ही घराघरांत ऐकतो. तिथे चांगली माणसं नाहीत असं नाही. वीस-वीस वर्षं एका कफीलकडे मानाने राहिलेले, त्याच्या मदतीने इथे मुलींची लग्नं केलेले लोक आम्ही पाहिले आहेत. पण व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. १९९० मध्ये येमेन सरकार आखाती युद्धाच्या प्रश्नावर सौदीच्या बाजूने उभं राहिलं नाही. मग सौदीतल्या येमेनींच्या सवलती काढल्या गेल्या आणि सात-आठ लाख लोक गाशा गुंडाळून परतले. १९९१ नंतर कुवेतमधल्या सुमारे चार लाख पॅलेस्टिनींचे काही हजारच उरले. हे तर अरब होते, भाषा एक, दीन एक, आणि कितीतरी जण तिथेच जन्मलेले. मग आपण कोण?

दहावी-बारावीनंतर पासपोर्टच्या तयारीला लागणारी मुलं आम्ही दरवर्षी पाहतो. त्यांना आम्ही एवढंच सांगतो की सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. ती नुसती तिलावतीपुरती ठेवू नका. करारात काम कुठलं लिहिलंय ते जाण्याआधी वाचा. ईमायग्रेटवरचा करार आणि तिथे गेल्यावर पुढे केलेला अरबी कागद यांत फरक असेल तर सही करू नका. पगार रोख घेऊ नका, बँकेतच घ्या. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं सौदी आणि अमिरात दोन्हीकडे कायद्याविरुद्ध आहे, हे त्याच्याशी वाद न घालता पण ठाऊक असू द्या. सौदीत नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. ‘जाऊ दे, खुरूज तर मिळाला’ म्हणून घरी येऊन बसलेल्यांचे लाखो रुपये त्या बारा महिन्यांत बुडाले आहेत.

आणि घरच्यांसाठी. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून चालू आहे. मुलगा तिकडे अडकला तर आई-वडील म्हसळ्यात किंवा मालेगावात बसून तिथे तक्रार नोंदवू शकतात. त्यासाठी त्याचा पासपोर्ट नंबर, इकाम्याची प्रत आणि कागदावरच्या मालकाचं पूर्ण नाव जवळ हवं. आमच्या पाहण्यात बहुतेक घरांत यातलं काहीच कुणाकडे नसतं.