बंद पडलेला संगणक हाही एक प्रयोगच



तुमच्या शाळेत संगणक असतील, तर त्यांतला एखादा बंदही असेल. त्याच्यावर कापड टाकलेले असते, कापडावर धूळ साचलेली असते, आणि 'हात लावू नये' अशी पाटी नसली तरी कोणी हात लावत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात अशी यंत्रे फार दिवस पडून राहतात. इकडे रेल्वे नाही. जव्हारहून नाशिक गाठायचे तर घाटरस्त्याने सुमारे ८० किलोमीटर जावे लागते. एक यंत्र बंद पडले की एका बाकावरची तीन-चार मुले वर्षभर दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहत बसतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : बंद संगणक आधी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, मग तंत्रज्ञाच्या, आणि अगदी शेवटी भंगारात. हे केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हे. बिघाड शोधणे हे विज्ञानाचे उत्तम शिक्षण आहे आणि ते आपण शाळेत कोठेच देत नाही, म्हणून.

एक अनुभव सांगतो. आमच्या महाविद्यालयात एक जुना, पण चालू संगणक होता. त्याची पेटी गंजली होती. मोखाड्याकडच्या दोन विद्यार्थ्यांनी सगळे भाग सोडवले, धूळ झाडली, दुसऱ्या एका जुन्या पेटीत ते बसवले आणि बटण दाबले. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मग घाई सुरू झाली. एकाने रॅम बदलली. दुसऱ्याने एसएमपीएस, म्हणजे विद्युत्पुरवठ्याचा डबा बदलला. नाण्यासारखा छोटा सेल काढून पुन्हा बसवला. प्रोसेसर उचलून परत ठेवला. संध्याकाळपर्यंत डझनभर गोष्टी झाल्या. "सर, मदरबोर्डच गेला," असा निकालही लागला.

मी एकच प्रश्न विचारला, "कोणकोणत्या गोष्टी बदलल्या, आणि प्रत्येक बदलानंतर काय दिसले?" दोघेही गप्प. वहीत एक ओळ नव्हती. प्रयोगशाळेत लोलकाच्या २० आंदोलनांचा काळ दोनदा मोजून लिहिणारी हीच मुले! पण हा 'प्रयोग' आहे असे त्यांना वाटलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. संगणक सुरू होणे ही एक घटना नसून घटनांची साखळी आहे. बटण दाबले की मदरबोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात. मदरबोर्ड एसएमपीएसला इशारा देतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिर झाले की 'पुरवठा ठीक' असा संकेत परत पाठवतो. तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. संकेत मिळताच तो मोकळा होतो आणि ठरलेल्या पत्त्यावरची पहिली सूचना वाचतो. ही सूचना बायॉस नावाच्या कायम स्मृतीत असते. बायॉस रॅम तपासतो, पडद्यावर चित्र आणतो आणि शेवटी डिस्क शोधून मुख्य प्रणालीच्या हाती कारभार सोपवतो. साखळी कोणत्या कडीवर तुटली हे ओळखले की अर्धी दुरुस्ती झाली.

आम्ही मदरबोर्ड पेटीतून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवला. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि बीप देणारा छोटा स्पीकर एवढेच ठेवले, आणि एसएमपीएस जोडला. रॅमसुद्धा काढली. रॅम का काढायची, हे ध्यानात घ्या. रॅम नसेल तर बायॉसने तक्रारीचे बीप द्यायला हवेत. ते आले, तर पुरवठा, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बायॉस हे चारही निदान तेवढे काम करण्याइतके ठीक आहेत असे एका झटक्यात कळते. आठ संशयितांपैकी एकेकाला तपासत गेलो तर वाईटात वाईट परिस्थितीत सात चाचण्या लागतात. दर वेळी निम्मे बाद करता आले तर तीनच पुरतात. दोषी एकच असला, आणि संशयितांचे निम्मे-निम्मे वाटप करणारी चाचणी सापडली, म्हणजे हे जमते.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना जोडल्या. पंखा सुरू झाला आणि फिरत राहिला! बीप मात्र नाही. मुले खट्टू झाली, मी खूश झालो. लक्षण बदलले होते, आणि बदललेले लक्षण ही नवी माहिती असते. पंख्याला वीज मिळत होती, पण प्रोसेसर बोलत नव्हता. मग वायरी एकेक करून पाहिल्या. प्रोसेसरला वीज देणारा चार छिद्रांचा वेगळा प्लग लावलेलाच नव्हता. आदल्या दिवशी एसएमपीएस बदलण्याच्या गडबडीत तो राहून गेला होता. तो लावला आणि स्पीकर एकसारखा ओरडू लागला. रॅम बसवली, तेव्हा एकच छोटा बीप झाला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. 'गेलेला' मदरबोर्ड जिवंत होता.

सगळे पुन्हा पेटीत बसवले. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला!

आता मात्र मुलांपैकी एकाने स्वतःच तर्क केला. बाहेर चालते, आत चालत नाही. म्हणजे दोष मदरबोर्डात नाही, एसएमपीएसमध्ये नाही, तो पेटीत किंवा दोहोंच्या संबंधात आहे. मदरबोर्ड उचलून पाहिला. तो ज्या पितळी खुंटांवर बसतो, त्यांतला एक खुंट जास्तीचा होता. पूर्वी त्या पेटीत मोठा मदरबोर्ड असणार. आमच्या मदरबोर्डाला त्या जागी छिद्रच नव्हते, म्हणून खुंटाचे टोक मागच्या झाळकामाला टेकत होते. मंडळसंक्षेप होत होता, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत शॉर्टसर्किट. ते ओळखून एसएमपीएस स्वतःला बंद करून घेत होता. खुंट काढला आणि काम झाले.

दोष दोन होते. पहिला जुळणीत झाला. दुसरा दुरुस्तीत आम्हीच घातला. दोन दोष एकत्र असले की एक दूर करूनही यंत्र सुरू होत नाही, आणि आपण बरोबर केलेली गोष्ट चुकीची समजून सोडून देतो. म्हणून तीन नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर काय दिसले ते लिहा. 'सुरू झाला की नाही' एवढेच न पाहता लक्षण बदलले का ते पाहा.

ही रीत काही नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी भारतात घडवलेला आरंभीचा संगणक उभा केला. त्यांनी आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधले, ते चालवून पाहिले, आणि मगच मोठ्या यंत्राला हात घातला. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या त्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका आणि १२,५०० रोधक होते. १९६२ मध्ये त्याला 'टिफरॅक' हे नाव मिळाले. लहानापासून सुरुवात करून एकेक पायरी वाढवण्याची ही रीत आमच्या पुठ्ठ्यावरच्या मदरबोर्डालाही तितकीच लागू पडते.

शिक्षक मित्रांची शंका मला ठाऊक आहे : मुलांनी यंत्र बिघडवले तर? अहो, ते बिघडलेलेच आहे! हमी-मुदतीतले यंत्र उघडू नये, हे मान्य. डेडस्टॉक रजिस्टरवरची वस्तू असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी. निर्लेखन झाल्यावरही ती साध्या भंगारवाल्याला न देता अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायला हवी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले ई-कचऱ्याचे नियम तसे सांगतात. पण त्याआधी ती वर्गासमोर का उघडू नये?

धोक्याची शंका मात्र रास्त आहे, आणि तिथे तडजोड नको. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे. अंगावरचा स्थिर विद्युत्भार जावा म्हणून पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. एसएमपीएसचा डबा तर कधीही उघडू नये. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतो, पण तिचे शिखरमूल्य २३० गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. त्या डब्यातला धारित्र जवळपास तेवढ्या दाबाने भारित होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकतो.

आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक प्रयोग आधीच जुळवून ठेवलेला असतो. विद्यार्थ्याने वाचने घ्यायची आणि अपेक्षित उत्तर काढायचे. मंडळात प्रवाहच आला नाही, तर मूल हात वर करते आणि प्रयोगशाळा-सहायक येऊन वायर बदलतो. खरे तर त्या क्षणी प्रयोग सुरू झालेला असतो, आणि आपण तो मुलाच्या हातून काढून घेतो. वर्षातून एक प्रात्यक्षिक तरी असे असावे की ज्यात शिक्षकांनी मुद्दाम एक दोष घालून ठेवला आहे, आणि गुण उत्तराला नाहीत, तर शोधाच्या नोंदीला आहेत.

जव्हार-मोखाड्याच्या मुलांना हे जड जाईल असे कोणी म्हणू नये. भातशेतीवरचे डिझेल इंजिन सुरू झाले नाही, तर यांचे वडील इंजिन फेकून देत नाहीत. टाकीत डिझेल आहे का, नळीत हवा अडकली आहे का, हे ते क्रमाने पाहतात. हीच ती साखळी. मुलांनी ती घरी पाहिलेली आहे. शाळेने फक्त तिला वही आणि पेन्सिल द्यायची आहे.

तेव्हा येत्या शनिवारी तुमच्या सरांना किंवा बाईंना विचारा. कापड बाजूला करा, प्लग काढा, वही उघडा आणि पहिली ओळ लिहा : बटण दाबल्यावर नेमके काय दिसले?