संसाराचा हिशेब : लेकीची मोठी पाटी



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एक भगिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. पती महापालिकेत सफाई कामगार, स्वतः चार घरी पोळ्या-भाजीची कामे करतात. थोरली मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा मुलगा दहावीत. भिशीचे अठरा हजार रुपये नुकतेच हाती आलेले. त्या म्हणाल्या, "ताई, पोरगी टॅब मागते. कॉलेजच्या सगळ्या नोट्स मोबाईलवर येतात. तेवढ्याशा काचेत वाचून वाचून डोकं धरून बसते. ह्यांचं म्हणणं, घ्यायचाच तर लॅपटॉप घेऊ. दुकानदार म्हणतो, हप्त्यावर चाळीस हजारांचा न्या. मला यातलं काही कळत नाही. पैसे एकदाच हाती आलेत. वाया गेले तर पुन्हा दोन वर्षं जमायचे नाहीत."

बाईंचे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. ज्याच्या घरात पैसा आहे त्याची वस्तू चुकली तर तो दुसरी आणतो. आपल्या घरात चूक झाली तर एका मुलीचे वर्ष जाते. म्हणून आजचा हिशेब या मोठ्या पडद्याच्या टॅबचा.

बाबासाहेबांच्या बालपणातील एक हकिगत आपणा सर्वांना ठाऊक आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणारे रामजी सुभेदार भीमरावांच्या पुस्तकांसाठी आपल्या विवाहित लेकींच्या दारी जात. एकीकडे उसने पैसे मिळाले नाहीत तर दुसरीकडून दागिना आणीत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन येत. आपण ही गोष्ट इथवरच सांगतो. पण तिचा पुढचा भाग तितकाच मोलाचा आहे. पेन्शन हाती आली की सुभेदार तो दागिना सोडवून लेकीला परत करीत. विद्येसाठी ओढग्रस्त सोसावी, पण ते ओझे फिटेल एवढेच असावे, हा धडा त्यात आहे.

आता वस्तूकडे वळू. टॅब घेण्याआधी मुलाला वा मुलीला एकच प्रश्न विचारा : "तू याच्यावर नेमके काय करणार?" वाचन, आकृत्या काढणे, हाताने टिपणे लिहिणे, व्याख्याने पाहणे असे उत्तर आले तर टॅब योग्य. रोज पानेच्या पाने टाइप करणे, टॅली शिकणे, कॉम्प्युटरची प्रोग्रॅमिंग शिकणे असे उत्तर आले तर टॅबवर पैसे घालू नका. त्याला लॅपटॉपच लागतो. नर्सिंगच्या मुलीला शरीररचनेच्या आकृत्या काढायच्या आहेत आणि पुस्तकांच्या पीडीएफ वाचायच्या आहेत. तिला टॅब पुरेल, असे मी बाईंना सांगितले.

तिसराही मार्ग असतो, तो दुकानदार सांगत नाही. दोन रुपये पान धरले तरी अठरा हजारांत नऊ हजार पानांची झेरॉक्स निघते. ज्या मुलाला वर्षाला चार-पाचशे पानेच लागतात, त्याला झेरॉक्स आणि वही हेच स्वस्त साधन आहे. गरज नसताना शेजाऱ्याने घेतला म्हणून घेऊ नका.

घ्यायचे ठरले की पहिली गोष्ट पडद्याचा आकार. जाहिरातीत जे इंच लिहितात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजलेले असतात. त्यावरून कल्पना येत नाही. घरी एक सोपा प्रयोग करा. झेरॉक्सचा ए-फोर कागद घ्या. त्याची रुंदी २१ सेंटिमीटर असते. तो मधोमध दुमडा. दुमडलेल्या कागदाची रुंदी १४.८ सेंटिमीटर भरते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ११ इंची टॅबच्या पडद्याची रुंदी जवळपास एवढीच असते. म्हणजे पूर्ण पान त्यावर सत्तर टक्के आकाराचे दिसते आणि छापील बारा पॉइंटचे अक्षर साडेआठ पॉइंटचे होते. ते बारीक असले तरी वाचता येते. सुमारे पावणेनऊ इंची लहान टॅबवर तेच पान निम्म्याहून किंचित मोठे दिसते, आणि मोबाईलवर एक तृतीयांश. मुलगी डोके धरून का बसते, ते आता ध्यानात आले असेल.

आणखी एक युक्ती. ११ इंची टॅब आडवा धरला तर पडद्याची रुंदी २३ सेंटिमीटरांच्या वर जाते, म्हणजे कागदापेक्षाही जास्त. पान अर्धेच दिसते, पण अक्षर पूर्ण आकाराचे. १२ इंचांचा टॅब याहून ऐसपैस असतो, परंतु किंमत आणि वजन दोन्ही वाढतात. बसमध्ये उभ्याने, वसतिगृहाच्या खाटेवर बसून वापरायचा तर ११ इंच हा मधला मार्ग समजावा.

दुसरी गोष्ट पेनाची, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. रबरी टोकाचे स्वस्त पेन कोणत्याही टॅबवर चालते, कारण टॅबला ते बोटासारखेच वाटते. पण त्याने लिहिताना तळहात काचेला टेकला की तिथेही रेघा उमटतात. हात अधांतरी धरून कुणी तासभर लिहू शकत नाही. खरे लिहिण्याचे पेन वेगळे. ते कितपत दाबले हे टॅबला कळते, आणि टेकलेल्या हाताकडे टॅब दुर्लक्ष करतो. पण असे पेन सर्व टॅबवर चालत नाही. टॅबच्या आतच तशी सोय असावी लागते, नंतर ती बसवता येत नाही. उदाहरणे सांगते. २०२० साली आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस-६ लाइटच्या खोक्यातच पेन मिळे. भारतात २०२४ साली आलेल्या रेडमी पॅड एसईचा पडदा ११ इंची, वाचायला छान, पण त्यावर असे पेन चालत नाही. त्याच कंपनीच्या रेडमी पॅड प्रोवर चालते, मात्र पेन वेगळे विकत घ्यावे लागते. आयपॅडचे पेनही वेगळेच. तेव्हा दुकानात टॅबची किंमत विचारू नका. "टॅब, पेन आणि कव्हर मिळून किती?" असे विचारा.

पेन दुकानातच चालवून पाहा. तळहात काचेवर टेकवून आपले पूर्ण नाव मराठीत लिहा. रेघ पेनाच्या मागे रेंगाळते का, वेलांटी तुटते का, हाताच्या खुणा उमटतात का, ते दोन मिनिटांत समजते. विक्रेता घाई करू लागला तर दुसऱ्या दुकानात जा. आपल्या घामाचे पैसे आहेत, लाजण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट आतील क्षमतेची. रॅम म्हणजे कामाचे टेबल आणि स्टोरेज म्हणजे कपाट, असे समजा. एका बाजूला पुस्तक उघडून दुसऱ्या बाजूला टिपणे लिहायची, हाच मोठ्या पडद्याचा खरा फायदा. त्यासाठी टेबल ऐसपैस हवे. ४ जीबी रॅममध्ये हे काम अडखळते, ६ किंवा ८ जीबी बरी. कपाट १२८ जीबीचे असावे. ६४ जीबीचा घेतलाच तर मेमरी कार्डाची जागा आहे का ते पाहा. आणि मॉडेल कोणत्या साली आले, त्याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे अवश्य विचारा. चार-पाच वर्षांपूर्वीचा पडून राहिलेला माल "ऑफर" म्हणून गळ्यात मारला जातो.

सिमकार्डाच्या टॅबला जास्त पैसे पडतात. घरात एक मोबाईल असेल तर त्याच्या हॉटस्पॉटवर वाय-फायचा टॅब चालतो. मात्र आई-वडील मोबाईल घेऊन कामावर जात असतील आणि मुलगी घरी एकटी अभ्यास करीत असेल, तर हा हिशेब बदलतो. अशा वेळी पुस्तके आणि व्याख्याने रात्री उतरवून ठेवण्याची सवय लावावी, नाहीतर सिमचा घ्यावा.

आता हप्त्याविषयी. "बिनव्याजी हप्ता" हा शब्द ऐकला की सावध व्हा. शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांत व्याज दुसऱ्या नावाने लपवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. प्रोसेसिंग फी म्हणून ते घेतात, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला देत नाहीत. एक हिशेब करून पाहू. अठरा हजारांवर "फक्त १५ टक्के" सरळ व्याज लावले तर वर्षाचे २,७०० रुपये होतात आणि बारा हप्ते प्रत्येकी १,७२५ रुपयांचे. परंतु आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. पूर्ण अठरा हजार वर्षभर आपल्याकडे नसतातच. म्हणून खरा दर निघतो सव्वीस टक्क्यांच्या वर! १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर खरा वार्षिक दर आणि सर्व खर्च लिहिलेले पत्रक देणे सावकारी संस्थांवर बंधनकारक आहे. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. ते मागा, वाचा, मगच सही करा.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगधंद्यासाठी, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. शिक्षणाचे साधन मी कामधंद्याच्या भागात धरते. पण आजारपणासाठी ठेवलेला चौथा भाग मोडून टॅब घेऊ नये. आपल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेची जी रक्कम मिळते, तीही मुख्यतः जेवणाखाण्याची आणि राहण्याची आहे. मुलाने एक वेळ उपाशी राहून टॅब घेतला तर ती प्रगती नव्हे.

खरेदी करताना पक्के बिल घ्या. सिमचा टॅब असेल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहा आणि तो बिलावर लिहून घ्या. जुना घेत असाल तर केवायएम लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा, म्हणजे चोरीचा माल म्हणून बंद केलेला आहे का ते कळते. केवळ वाय-फायच्या टॅबला हा क्रमांक नसतो, म्हणून त्याचा सीरियल नंबर बिलावर हवा. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

आणि घरी आल्यावर? पुस्तकांसाठी पैसे घालू नका. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. टिपणांसाठी वननोटसारखी मोफत साधने आहेत. टिपणे टॅबमध्येच ठेवू नका, खात्यावरही साठवा, म्हणजे टॅब फुटला तरी अभ्यास फुटणार नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, डोळ्यांना विसावा मिळतो. उशीखाली ठेवून चार्जिंग करू नये.

शेवटी खरे दुखणे. बाईंना मी विचारले, "टॅब घरात आल्यावर तो कुणाच्या हातात राहणार?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "धाकटा सोडायचा नाही. गेम खेळत बसेल. ही बिचारी काही बोलायची नाही." भगिनींनो, आपण मुलीच्या नावाने वस्तू आणतो आणि ती मुलाच्या मांडीवर जाते. मुलगी भांडी आवरून येते तोवर बॅटरी संपलेली असते. हे किती घरांत घडते, ज्याचे त्याने पाहावे. ज्या बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली, त्यांचा फोटो त्याच भिंतीवर असतो.

म्हणून मी त्यांना सांगितले की बिल लेकीच्या नावाचे करा, खाते तिचे उघडा, कुलपाचा आकडा तिलाच माहीत असू द्या. भावाला अभ्यासासाठी रोज एक तास जरूर द्यावा, पण तिने आपल्या हाताने उघडून द्यावा. आणि त्या तासाला पोराने भांडी घासावीत!

परवा त्या पुन्हा भेटल्या. मुलीला घेऊन तीन दुकाने फिरल्या. पहिल्या दुकानात नाव लिहिताना हाताच्या रेघा उमटल्या, दुसऱ्यात पेन वेगळे पडत होते. तिसऱ्या दुकानात ११ इंची टॅब पेनासकट मिळाला, भिशीच्या पैशांत भागले, हप्ता नाही. पतीची समजूत कशी घातली, असे मी विचारले. हसून म्हणाल्या, "पोरीने हृदयाची आकृती काढून दाखवली. रक्त कुठून येतं, कुठं जातं, सगळं समजावलं. हे पाहतच राहिले. म्हणाले, माझी बाय मला शिकवायला लागली."

आणि धाकटा? "घासतो की भांडी," त्या म्हणाल्या, "पण कुरकुरत."

कुरकुरू द्या. सवय होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!