आधी निदान, मग दुकान!

मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ. एक, दुखण्याचे मूळ कारण शोधणे. दुसरा, कमीत कमी. आपल्याकडच्या बऱ्याच गॅरेजांतून हे दोन्ही अर्थ हद्दपार झाले आहेत! जुनी गाडी 'मिसिंग' करते, झटके खाते म्हणून न्यावी, तर बॉनेट उघडण्याआधीच यादी तयार. प्लग बदला, कॉइल बदला, कार्ब्युरेटर नवा टाका. एवढ्यानेही भागले नाही की शेवटचा सल्ला ठरलेला : "काका, विकून टाका. जुनी झाली."

माझ्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००बद्दल बोईसरला एका ठिकाणी मी हेच ऐकले. अहो, वय हे काय निदान झाले? (सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे जरा जास्तच झोंबते. असो.)

या गाडीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. एक बंद पडला की एक तृतीयांश जोर गेला, म्हणून ती थरथरते. मग तिघांतला कामचुकार कोण? इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या आणि परत लावायच्या. वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला! आता इंजिन बंद करून त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा. बिघाड प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. जागेवरच राहिला, तर वायर बदलून पाहायची. तरीही तसेच, तर कॉम्प्रेशन मोजायचे. इथपर्यंत खर्च शून्य. मात्र त्या वायरींत हजारो व्होल्ट असतात. हे काम जाणकाराचे आणि रबरी मुठीच्या पक्कडीचे, उघड्या हाताचे नव्हे.

आपल्या भागात तर वायरींवर पहिला संशय घ्यायला हवा. चार महिने पाऊस, चिंचणी-तारापूरकडून येणारा खारा वारा. वायरींची टोके गंजतात, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट धरते. अंधारात बॉनेट उघडले तर फुटलेल्या वायरीतून निसटणारी निळसर ठिणगी डोळ्यांना दिसते. पालघरच्या एका वयस्क मेकॅनिकने याच रीतीने अर्ध्या तासात माझ्या गाडीची एक वायर बाजूला काढून दाखवली. कार्ब्युरेटरला त्याने हातही लावला नाही.

कुणी म्हणेल, "मास्तर, आता हे सगळे कॉम्प्युटर सांगतो." सांगतो ना! नव्या गाडीत 'पी ०३०१' असा कोड आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. हा झाला पत्ता. कारण प्लग, वायर, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे माणसालाच शोधावे लागते. गोंगाट कोण करतो ते न पाहता अख्ख्या वर्गाला छडी मारणारा मास्तर आणि न तपासता सगळे सुटे भाग बदलणारा मेकॅनिक, दोघे एकाच माळेचे मणी.

पण दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. डबीतला नवा भाग दिसला की गिऱ्हाईक मुकाट पैसे मोजते. "अर्धा तास तपासले, त्याची मजुरी द्या" म्हटले की कपाळाला आठ्या! वस्तूची किंमत कळते, बुद्धीची कळत नाही. मग तो बिचारा बुद्धी गुंडाळून ठेवतो आणि वस्तू विकतो. देशातली पहिली अणुवीज १९६९ साली ज्या तारापुरात तयार झाली, त्याच्या कुशीत एका ठिणगीचा शोध घेण्याची विद्या अशी फुकट मरावी?

डॉक्टरची तपासणी फी आपण देतोच ना? मग गॅरेजमध्येही तपासणीचे पैसे वेगळे विचारा आणि खुशाल द्या. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा आणि "हाच खराब होता हे कशावरून?" असे विचारा. उत्तर देता आले नाही, तर निदान त्या दुकानात पुन्हा जाऊ नका.