कारल्याच्या वेलाची कैफियत

२०२५ च्या कोजागिरीस, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या रात्री, यवतमाळ शहरास लागून असलेल्या लोहाऱ्यात एका मंडळाच्या कार्यक्रमास आम्ही हजर होतो. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोबा बसले होते, कढईत दूध आटत होते, आणि दहाबारा मुली ‘कारल्याचा वेल’ हे गाणे म्हणण्यास उभ्या राहिल्या. बी पेरून झाले, कोंब आला, पाने फुटली. इतक्यात सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी ध्वनिक्षेपकावरून सुचविले, ‘मुलींनो, वेळ थोडा आहे. एकदम शेवटावर या.’ मुली आज्ञाधारक. वेलाला फूल न येता, कारले न लागता, भाजी न होता त्यांनी सुनेस थेट माहेरी पोहोचविले आणि त्या खाली उतरल्या. त्यांच्या पाठोपाठ थोड्या मोठ्या मुलींनी एका कोरियन गीतावर नृत्य केले. आमच्या शेजारच्या एका सुविद्य सद्गृहस्थांनी दोहोंचा निकाल एकाच वाक्यात लावला : ‘ह्या गाण्याचा अर्थ कळत नाही, आणि त्या गाण्याला अर्थच नाही.’

वाक्य चटकदार होते आणि भोवतालच्या चारपाच जणांत त्यावर हशाही झाला. परंतु जे वाक्य दोन गाण्यांना एका फटक्यासरशी निकालात काढते, ते बहुधा दोन्ही गाणी न ऐकताच तयार झालेले असते. तथापि आम्हांस खेद झाला तो ह्या विनोदाचा नव्हे. खेद झाला तो ‘एकदम शेवटावर या’ ह्या सूचनेचा. सूचना देणाऱ्याने, नकळत का होईना, त्या गाण्याचा प्राणच काढून घेतला, आणि एवढ्या सभेत कोणासही काही हरवल्यासारखे वाटले नाही. म्हणून त्या एका गाण्याची कैफियत येथे मांडणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांस भोंडला अथवा हादगा परिचित असतो. विदर्भात आणि खानदेशात त्याच कुळातील भुलाबाई बसते. भाद्रपद पौर्णिमेस मातीची भुलाबाई-भुलोबाची जोडी घरी येते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखावयाचा आणि पुढच्या घरी जावयाचे. शंकर-पार्वतीचे हे रूप देवघरात कमी आणि अंगणात अधिक रमते. पार्वती ह्या महिन्यात माहेरवाशीण असते, अशी आमच्याकडील बायकांची समजूत आहे. जिला माहेर मिळाले आहे अशा देवीपुढे जिला माहेर मिळत नाही अशा सुनेचे गाणे म्हटले जाते. एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली असती, तरी ‘अर्थ नाही’ असे म्हणणाराची जीभ क्षणभर अडखळली असती.

ह्या गाण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. ह्यात काव्य नाही, हा पहिला. तेच तेच पुन्हा पुन्हा येते, हा दुसरा. आणि सासुरवासाचे हे रडगाणे आता कालबाह्य झाले, हा तिसरा. ह्यांचा क्रमाने विचार करू.

गाण्यातील हकीकत थोडक्यात अशी. सून सासूपाशी माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, कारल्याची बी लाव, मग जा. बी लावून झाल्यावर सून पुन्हा विचारते. तर कोंब येऊ दे, मग जा. मग वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी कर, आणि असेच पुढे. पाठ गावोगाव बदलतो. काही ठिकाणी भाजी झाल्यावर तिला सासऱ्याकडे, दिराकडे, नणंदेकडे विचारण्यास पिटाळले जाते. शेवटी वेणीफणी होते आणि ती माहेरी जाते. ह्या साऱ्या संवादात सासू एकदाही ‘नाही’ म्हणत नाही, हे आमच्या रसिकांच्या कधी लक्षात आले आहे काय? ती प्रत्येक वेळी ‘हो’च म्हणते, केवळ त्या ‘हो’च्या मागे एक अट जोडते. नकाराशी भांडता येते. अटी घातलेल्या होकाराशी भांडावे कसे? घरातली सत्ता हुकमाने जितकी चालते, त्याहून अधिक ती ‘एवढे झाले की मग’ ह्या शब्दांनी चालते, हे मर्म ज्या अनामिक बाईने प्रथम ओळखले आणि त्यास गाण्याचा सांगाडा दिला, तिच्या ठायी काव्यशक्ती नव्हती असे म्हणण्यास आम्ही तयार नाही.

आणि तिने निवडलेली वस्तू पाहा. कारलेच का? दुधीभोपळाही वेलीवरच येतो. कडूपणाचा संकेत उघड आहे, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. त्याहून मोठी गोष्ट काळाची आहे. कारल्याची बी रुजावयास आठवडा लागतो. फुले दिसू लागावयास पाचसहा आठवडे. आणि पहिली फुले बहुधा नराची असल्यामुळे ती फळ न धरताच गळतात. खाण्याजोगे कारले हाती यावयास सुमारे दोन महिने जातात. भुलाबाईचे माहेरपण तर अवघ्या एका महिन्याचे! भाद्रपद पौर्णिमेस बी लावली, तर कोजागिरीस देवी सासरी परत निघते तेव्हा सुनेच्या वेलास नुकती कोठे कळी धरण्याची वेळ असते. देवीचे माहेर संपले, सुनेचे सुरूही झाले नाही. हा हिशेब गाण्यात कोठेही सांगितलेला नाही. परंतु ज्या बायकांनी परसात वेल चढविला होता, त्यांस तो सांगावाही लागत नव्हता. शेतीचे ज्ञान श्रोत्यांपाशी आहे असे धरून चालणारी ही रचना आहे. ते ज्ञान आमच्यापाशी उरले नाही, हा गाण्याचा दोष नव्हे.

आता पुनरुक्तीचा आक्षेप. ह्या गाण्यात प्रत्येक कडवे मागच्या कडव्याची बहीण असते हे खरे. बदलतो तो एखादाच शब्द. पण ह्या गाण्याचा विषयच मुळी दिरंगाई आहे. ज्या सुनेस आठदहा वेळा तोच प्रश्न विचारावा लागतो, तिचे गाणे दोन कडव्यांत आटोपले तर ते तिचे गाणे राहील कसे? ऐकणारास कंटाळा येतो अशी तक्रार आहे. यावाच! तो कंटाळा सुनेच्या वाट्याचा आहे आणि गाण्याने त्याचा चतकोर आपल्या पानात वाढला आहे, इतकेच. शेवटी वेणीफणीचे कडवे येते तेव्हा मुलींचा सूर आपोआप चढतो आणि टाळ्या जलद पडतात. तो आनंद आधीच्या कडव्यांनी कमावलेला असतो. ‘एकदम शेवटावर या’ म्हणून तो मिळत नाही. त्या रात्री मुलींनी शेवट म्हटला, परंतु सूर चढला नाही, हे आम्ही प्रत्यक्ष ऐकले.

पुनरुक्तीचा आणखी एक उपयोग आहे. हे गाणे एकटीने म्हणावयाचे नाही. जात्यावरची ओवी एकटीदुकटीची असते. ती दळणाऱ्या बाईच्या मनातून येते, म्हणून ती दर वेळी नवी होऊ शकते. भुलाबाईचे गाणे घोळक्याचे आहे. आज प्रथमच आलेल्या पाच वर्षांच्या पोरीसही दुसऱ्या कडव्यापासून त्यात सूर मिसळता आला पाहिजे. सासूचे बोल आणि सुनेचे बोल, दोन्ही त्याच मुलींच्या तोंडी असतात, हेही विसरू नये. आज ज्या मुली सुनेची विनवणी म्हणतात, त्याच पुढच्या ओळीस सासूची अट म्हणतात. सासूस राक्षसीण ठरवून गाणे मोकळे होत नाही; तीही कधी काळी बी लावून वाट पाहत बसली असेल, एवढी जागा ते ठेवते. आमच्या कित्येक सामाजिक कादंबऱ्यांस एवढा न्याय साधलेला नाही.

आमच्या सद्गृहस्थांनी कोरियन गीतासही त्याच फटक्यात गुंडाळले होते, म्हणून त्या देशाकडेही क्षणभर वळू. २०२५ ची आमची कोजागिरी आणि कोरियातील चुसोक हा सुगीचा सण योगायोगाने एकाच दिवशी आला होता. त्या पौर्णिमेस तेथील नैर्ऋत्य भागातील स्त्रिया हातांत हात गुंफून रिंगण धरीत आणि ‘गंगगंगसुल्ले’ म्हणत. एकीने ओळ सांगावी, बाकीच्यांनी तेच पालुपद पुन्हा पुन्हा झेलावे, अशी ही रीत. एरवी ज्या तरुण मुलींस मोठ्याने गाण्याची अथवा रात्री बाहेर पडण्याची मुभा नसे, त्यांस ती ह्या निमित्ताने मिळे. २००९ साली युनेस्कोने ह्या रिंगणास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे त्याच्या पुनरुक्तीस कोणी दोष म्हटले नाही.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. ‘गर्ल्स जनरेशन’ नामक नऊ मुलींचे गायनमंडळ तेथे २००७ साली ‘इन्टू द न्यू वर्ल्ड’ हे गीत घेऊन पुढे आले. शाळकरी मुलींचे बाजारी गाणे, ह्यापलीकडे त्याची किंमत करण्यास पुष्कळांची तयारी नसावी. २०१६ च्या उन्हाळ्यात सोलच्या इह्वा महिला विद्यापीठातील विद्यार्थिनी विद्यापीठाच्या एका निर्णयाविरुद्ध धरणे धरून बसल्या होत्या. पोलिस आत आले, तेव्हा त्या मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरून हेच गीत म्हटले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारल्यावर जी माणसे राष्ट्रीय सभेपुढे जमली, त्यांच्या तोंडीही ते होते. बाजारी गाण्यास हे बळ आले कोठून? ते सर्वांस पाठ होते, एकत्र म्हणता येत होते, आणि एका पिढीच्या मुलींनी ते आपले मानले होते. हलके गाणे कोणते ओझे उचलील हे ते जन्मल्याच्या दिवशी सांगता येत नाही. शहाण्या टीकाकाराने निदान तेवढा तरी संशयाचा फायदा त्यास द्यावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्यातील सत्य आम्ही मान्य करतो. आज लोहाऱ्याच्या सुनेचे माहेर एस. टी. ने दोन तासांवर असते आणि आईचा आवाज खिशातील यंत्रात असतो. पुष्कळ घरी सासूच ‘जाऊन ये’ म्हणते. भुलाबाईची सगळीच गाणी सारख्या मोलाची आहेत, असेही आमचे म्हणणे नाही. काहींत निव्वळ यमकासाठी यमक आहे. परंतु ‘एवढे झाले की मग’ हे शब्द आमच्या सुशिक्षित घरांतून गेले आहेत काय? मुलांच्या परीक्षा होऊ दे, मग तुझे शिक्षण पुरे कर. घराचे हप्ते फिटू दे, मग नोकरी सोड अथवा धर. सासऱ्यांची तब्येत सुधारू दे, मग चार दिवस विश्रांती घे. बी तीच आहे, वेलही तोच; परसाऐवजी तो आता सदनिकेच्या सज्जात चढला आहे. ज्यांस हे गाणे कालबाह्य वाटते, त्यांनी आज रात्री जेवणानंतर आपल्या घरातील बाईस एवढेच विचारावे, की तुझी कोणती गोष्ट कशानंतर व्हावयाची राहिली आहे? उत्तर ऐकण्यास लागणारा वेळ गाण्याहून अधिक असेल.

ह्या गाण्याची उपेक्षा होण्याचे खरे कारण आम्हांस निराळेच दिसते. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. तरी १९५२ साली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि सुशिक्षितांनी ती डोक्यावर घेतली. तेथे एक नाव होते, एक कवयित्री होती. कारल्याच्या वेलास तसे नाव नाही. ते शेकडो मुलींच्या मंडळाचे गाणे आहे; त्यातील जुन्या मुली सासरी जातात, नव्या येतात, आणि मंडळ मात्र चालूच राहते. ज्या कवितेखाली सही नसते तिची वकिली करावयास कोणी पुढे येत नाही. सन्मान कोणाचा करावयाचा, हाच प्रश्न पडतो!

सन्मानाची मागणी आम्हीही करीत नाही. विदर्भातील शेतांत सोयाबीन आले आणि ज्वारी मागे हटली. आज मखरासाठी पाच धांडे मिळवावयाचे तर चार ठिकाणी विचारावे लागते. ते सारे परत आणणे कोणा मंडळाच्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच, की पुढच्या कोजागिरीस मुली उभ्या राहिल्या की त्यांस बीपासून वेणीफणीपर्यंत एकही कडवे न गाळता म्हणू द्यावे. पाहुण्यांचे सत्कार आणि आभारप्रदर्शन ह्यांस अर्धा तास लागतो, गाण्यास चारपाच मिनिटे. घाई करावयाचीच असेल तर ती तेथे करावी. सुनेने पुष्कळ वाट पाहिली आहे. तिच्यासाठी सभेने वेलाला कारले लागेपर्यंत थांबावे.